पवनचक्कीचं तोंड

"तुमचं चूक आहे, बाई," सिग्नी म्हणाली, आणि पुन्हा मान खाली घालून आपल्या धुराला काळा रंग फासू लागली. तिसरीचा वर्ग, मंगळवारचा शेवटचा तास, चित्रकलेचा. आर्डिसनं तिला एवढंच सुचवलं होतं, की धूर जरा डावीकडे वळव, म्हणजे कागदाची ती रिकामी बाजू भरेल. गेली एकोणचाळीस वर्षं टोर्स्बीच्या शाळेतल्या मुलांना ती असलं काहीबाही सुचवत आली होती, आणि मुलं मुकाट्यानं धूर वळवत आली होती. "तसं नाही करता येत," सिग्नी म्हणाली, "पवनचक्कीचं तोंड इकडे आहे." "मग?" "मग वारा इकडून येतोय. धूर तिकडेच जाणार. तुमचं ते चर्चच्या तळघरातलं चित्र आहे ना, त्यात उलटं आहे. ते चूक आहे. आजोबा म्हणतात." आर्डिस हसली. आठ वर्षांच्या पोरीसमोर हसतात तसंच हसली, पण हात उगाचच एप्रनच्या खिशात गेला आणि तिथला खडू चाचपू लागला. "आजोबा म्हणतात होय?" "आजोबा म्हणतात, आई म्हणते. सगळेच म्हणतात. बाई, काळा संपला."

सगळेच. आर्डिसनं तिला काळ्याची नवी बाटली काढून दिली, कोणाच्या तरी बाहीला लागलेला पिवळा पुसला, कोणाचा तरी घोडा हा घोडाच आहे, कुत्रा नव्हे, असा निवाडा दिला, आणि हे सगळं करताना तो एक शब्द तिच्या चपलेत खडा शिरावा तसा पावलागणिक टोचत राहिला. फळ्यावरच्या पट्टीवर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'आधी बघा, मग काढा.' ही पट्टी तिनं पहिल्या वर्षी लावली, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मिनियापोलिसहून बसनं आली होती, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात रंगांची पेटी, आणि डोक्यात असा पक्का समज, की या सपाट मुलखातल्या नॉर्वेजियन वंशाच्या लोकांना कोणीतरी बघायला शिकवायला हवं. कल्पना काही वाईट नव्हती. सिग्नीच्या आईला तिनंच शिकवलं. त्या पोरीनं एकदा जांभळ्या गाई काढल्या होत्या, तेव्हा आर्डिस तिला हात धरून कुंपणापर्यंत घेऊन गेली होती आणि म्हणाली होती, बघ, नीट बघ, आहे का एक तरी जांभळी? ती पोर तेव्हा काही बोलली नव्हती. बहुतेक तेव्हाच तिला तळघरातलं ते चित्र आठवलं असेल. आर्डिसचे कान गरम झाले.

घरी जाताना तिनं गाडी इतकी हळू चालवली, की मागून येणाऱ्या दुधाच्या टँकरनं अदबीनं दोन मैल वाट पाहिली. भोंगा नाही, काही नाही. इथं भोंगा वाजवतात तो लग्नाच्या दिवशी किंवा रस्त्यात हरीण आडवं आलं तर. वाटेत तीन पवनचक्क्या लागल्या. तिन्हींची तोंडं वायव्येला, तिन्हींची शेपटं आग्नेयेला, आणि शाळेच्या झेंड्यापासून पोस्टाच्या झेंड्यापर्यंत जे काही फडफडत होतं ते सगळं शेपटांच्याच दिशेनं फडफडत होतं. चाक वाऱ्याला सामोरं जातं, शेपूट मागे राहतं. इतकं साधं. ती स्वतःच्या अंगणात येऊन उभी राहिली. दोरीवर तिच्या नवऱ्याच्या, पामरच्या, विजारी वाळत होत्या, त्यांचे पाय आग्नेयेला. डोक्यावर त्यांची स्वतःची पवनचक्की सावकाश फिरत होती. हिच्या सावलीत तिनं एकोणचाळीस वर्षं, नाही, लग्न दुसऱ्या वर्षी झालं म्हणजे सदतीस वर्षं, कपडे वाळत घातले होते. आणि तिनं हिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं होतं. गंजाचा तांबूस रंग बघितला होता, पात्यांमधून सांडणारं ऊन बघितलं होतं, आभाळाच्या फिक्या निळ्यावर ती काळी जाळी कशी दिसते ते तर पन्नासदा रेखाटलं होतं. पण ती काय करते ते बघितलं नव्हतं.

ते चित्र सत्तावीस वर्षांपूर्वीचं. चर्चच्या तळघरात नवी फरशी बसवली, त्या वसंतात तिनं ते काढून दिलं होतं. पांढरं घर, लाल गोठा, धुराडं, जांभळ्या फुलांचं लायलॅकचं झुडूप, दोरीवरचे कपडे, कुंपण, चार गाई आणि उजवीकडे पवनचक्की. ते कॉफीच्या मोठ्या भांड्याच्या बरोबर वर टांगलं गेलं, कारण तिथं खिळा आधीपासून होता. बाप्तिस्मा असो, लग्न असो, मयत असो, की शरद ऋतूतलं मासळीचं वार्षिक जेवण असो, गावातलं प्रत्येक माणूस हातात कप धरून त्या रांगेत उभं राहतं आणि समोर दुसरं काही नसल्यामुळे त्या चित्राकडे बघतं. हे तिला माहीत होतं. याचा तिला अभिमान होता. आणि आता ती हिशोब करू लागली, किती रविवार, किती कप, किती डोळे, आणि त्या हिशोबाच्या शेवटी तिला अंगणातच खाली बसावंसं वाटलं.

चूक झाली कशी, तेही तिला आता लख्ख आठवलं. पवनचक्की तिनं शनिवारी काढली, धूर आणि कपडे सोमवारी. मधल्या एका रात्री वारा फिरला होता. बेडरूमची खिडकी खडखडून ती जागी झाली होती, तेही आठवलं. म्हणजे दोन्ही खरं होतं. दोन्ही तिनं आधी बघितलं होतं, मग काढलं होतं. फक्त एकाच दिवशी नव्हे. या विचारानं तिला क्षणभर बरं वाटलं, मग पुन्हा वाईट वाटलं, कारण चित्र पुरं झालं त्या संध्याकाळी पामर आत आला होता. टोपी काढून हातात धरली, उन्हानं कधी न रापलेला कपाळाचा तो वरचा पांढरा पट्टा उघडा पडला, आणि तो चित्रासमोर उभा राहिला. इतका वेळ, की तिनं तोवर सगळे ब्रश धुवून ठेवले. मग म्हणाला, "वाईट नाही."

टोर्स्बीत 'वाईट नाही' च्या वर काही नसतं. हे तिला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापकांनी तिच्या वर्गाचं प्रदर्शन बघून "वाईट नाही" म्हटलं, तेव्हा ती बॅग भरून मिनियापोलिसची बस बघायला निघाली होती. तेव्हा बसच्या थांब्यावर योगायोगानं (योगायोग कसला, तो तिथल्या बाकाच्या स्क्रूला तेल घालत होता) भेटलेल्या पामर नीगार्डनं तिला समजावलं, की याहून मोठं कौतुक त्या मुख्याध्यापकांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा केलेलं नाही. वाईट असलं तर काय म्हणतात, तिनं विचारलं होतं. पामरनं बाकाच्या आणखी एका स्क्रूला तेल घातलं. मग म्हणाला, "वाईट असलं तर 'वेगळं आहे' म्हणतात. पण तेवढं वाईट क्वचितच असतं." त्या बाकावर ती पोट धरून हसली होती, आणि बस निघून गेली होती.

पण आता तिला हसू येईना. हॉलमध्ये खिडकीजवळ तिनं ताणून ठेवलेला कोरा कॅनव्हास उभा होता, चार फूट बाय सहा. येत्या हेमंतात चर्चला शंभर वर्षं पुरी होत होती आणि मंडळींनी तिला नवं चित्र मागितलं होतं. शाळेतले अजून तीन आठवडे, मग निवृत्ती, मग सबंध उन्हाळा हे एकच काम, असा बेत होता. किती महिने ती त्या कोऱ्या कॅनव्हासभोवती मनातल्या मनात फिरली होती! आता तिला तो कॅनव्हास बघवेना. हे लोक चांगले आहेत. इतके चांगले आहेत, की सत्तावीस वर्षं एकानंही तोंड उघडलं नाही. मग ते आणखी कशाकशाबद्दल चांगले राहिले असतील? तिच्या लेफ्सेबद्दल, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्यांबद्दल? त्या लाटताना फाटतात हे तिला माहीत होतं, तरी दर नाताळात ताट रिकामं परत यायचं. तिच्या गाण्याबद्दल? आणि चित्रांबद्दल? जिथं वाईटाला कोणी वाईट म्हणत नाही, तिथं 'वाईट नाही' ला काय अर्थ उरतो? तिनं त्या रात्रीच्या जेवणाआधीच ठरवून टाकलं, की नवं चित्र काढायचं नाही. काहीतरी कारण सांगू. मनगट दुखतं म्हणू. कोणी खोदून विचारणार नाही. इथं कोणी खोदून विचारत नाही, हाच तर घोळ होता.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती चर्चच्या तळघरात गेली. बोर्गिल्ड एकटीच कप विसळत होती. बोर्गिल्ड तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, ओस्मंडची बायको, तळघराच्या स्वयंपाकघरावर तिची सत्ता कोणालाही आठवत नाही इतक्या वर्षांची. आर्डिस चित्रासमोर उभी राहिली. चाक डावीकडे, शेपूट उजवीकडे. धूर डावीकडे. कपडे डावीकडे. पामरच्या रंगवलेल्या विजारी वाऱ्याच्या नाकावर टिच्चून उलट्या उडत होत्या. आता एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

"बोर्गिल्ड, या चित्रात एक चूक आहे."

बोर्गिल्डनं नळ बंद केला. "चूक म्हणजे?"

"पवनचक्की."

"हं." बोर्गिल्डनं फडक्याला हात पुसले, फार सावकाश पुसले. "ती होय."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"लावलं त्या रविवारपासून. अगं, पण ती तुझी चूक नव्हेच मुळी. पामरनंच सांगितलं ना तेव्हा."

"पामरनं काय सांगितलं?"

आता बोर्गिल्डच्या चेहऱ्यावर, जन्मात पहिल्यांदाच असेल, आपण जास्त बोललो असा भाव आला. पण सुरुवात झाली होती, आणि आर्डिस आता दारात येऊन उभी राहिली होती. मग तिनं सांगितलं. त्या पहिल्या रविवारी रांगेत सगळे गप्प उभे होते. जरा जास्तच गप्प. कोणाला काय बोलावं सुचेना. तू तिकडे पाद्रीबाबांच्या बायकोशी बोलत होतीस. आमच्या ओस्मंडला राहवेना, तुला माहीतच आहे तो, त्यानं बोट वर केलं आणि तोंड उघडणार, तोच पामर म्हणाला, "हो. माझीच चूक. त्या आठवड्यात चक्कीचं डोकं अडकलं होतं, वाऱ्याबरोबर वळत नव्हतं. वंगण घालायचं राहून गेलं माझ्याकडून. तिनं जसं दिसलं तसं काढलं."

"पामर? वंगण घालायला विसरला?" आर्डिसचा आवाज तळघरात घुमला. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, घंटा वाजत असताना, आधी चर्चच्या दाराच्या बिजागरीला तेल घातलं आणि मग आत पाऊल टाकलं, तो? ज्याच्या गाडीत बायकोसाठी छत्री नसते पण तेलाची झारी असते, तो?

"तेच की," बोर्गिल्ड म्हणाली. "कोणाचा विश्वास बसणार? कोणाचाच बसला नाही. पण माणूस आपल्या तोंडानं एवढं सांगतोय म्हटल्यावर मानायला नको? मग आम्ही मानलं."

"सत्तावीस वर्षं?"

"एकदा मानलं की मानलं. मध्येच कसं सोडणार? चर्च तापवायच्या त्या भट्टीचंच बघ ना. चर्चची भट्टी सांभाळायला पामरसारखा माणूस पंचक्रोशीत नाही. पण त्याला कशी द्यायची? जो स्वतःच्या चक्कीला वंगण घालायला विसरतो, त्याच्या हाती गावाची भट्टी दिली असती, तर तो खोटा पडला असता ना सगळ्यांसमोर. म्हणून ओस्मंडला दिली." तिनं सुस्कारा सोडला. "ओस्मंडला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. आठवतंय ना, त्या नाताळात आपण सगळे कोट घालून गात होतो?"

आठवत होतं. तोंडातून वाफा निघत होत्या आणि पामर तिच्या शेजारी बसून भट्टीचा तो घरघराट ऐकत होता, दातदुखीनं बेजार झाल्यासारखा. आर्डिसला वाटलं होतं, त्याला थंडी वाजते आहे. तिनं त्याला आपला स्कार्फ दिला होता.

परत जाताना ती गाडीत मोठ्यानं हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. एकेक गोष्ट वर येऊ लागली. "काय पामर, चक्कीला तेल घातलंस का?" हे तर ती दर रविवारी ऐकत आली होती. पामर म्हणायचा, "घालतो, घालतो." तिला वाटायचं, तेल घालायच्या त्याच्या वेडाची ही थट्टा. तीही हसायची, आणि एकदोनदा तर तिनं स्वतःच भर घातली होती, की हो, विसरतो कधीकधी! तेव्हा सगळी रांग कशी एकदम कपात बघू लागली होती. त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला या लोकांनी त्याला लाल रिबीन बांधलेला वंगणाचा डबा दिला होता. हॉलभर हशा. पामरनं उठून आभार मानले आणि तो डबा घरी आणून फडताळावर ठेवला. उघडला मात्र कधीच नाही. या मुलखात माणसाची इज्जत त्याच्या बँकेत नसते, त्याच्या कुंपणात आणि यंत्रात असते, हे एवढ्या वर्षांत तिलाही कळलं होतं. त्यानं तिच्यासाठी ती सहज काढून दिली होती, कॉफीच्या रांगेत कोणाला वाट करून द्यावी तशी, आणि घरी येऊन गोठ्याच्या बिजागरीला तेल घातलं होतं.

तरी चपलेतला तो खडा पुरता निघाला नाही. उलट आता तो जास्तच खोल गेला. तिचा नवरा तिच्यावर इतकं प्रेम करतो, की तिला खरं सांगू शकत नाही. मग खरं सांगणार कोण? गुरुवारी न्याहारीच्या वेळी तिनं त्याला सरळच विचारायचं ठरवलं. पामर टोस्टला लोणी लावत होता, कडेपर्यंत, एकही कोपरा कोरडा न ठेवता.

"पामर, माझ्या चर्चमधल्या चित्रात काही चुकलंय का?"

सुरी थांबली. "चुकलंय?"

"हो. खरं सांग."

त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. चक्की फिरत होती, न कुरकुरता, लोण्यासारखी. "नाही," तो म्हणाला. "त्या वर्षी माझ्याकडून वंगण राहून गेलं होतं, एवढंच. वाईट नाही ते चित्र." आणि सुरी पुन्हा चालू झाली. त्याचे कान मात्र लाल झाले होते. आर्डिसला उठून त्याला मिठी मारावी की टोस्ट फेकून मारावा ते ठरवता येईना, म्हणून तिनं कॉफी ओतली.

शुक्रवारी वर्गात ती सिग्नीच्या बाकाशी थांबली. सिग्नीनं चित्र पुरं केलं होतं. चक्कीचं तोंड जिकडे हवं तिकडे, धूर जिकडे जायला हवा तिकडे, आणि कागदाची डावी बाजू रिकामी. "ही बाजू ओकी दिसते, नाही?" आर्डिस म्हणाली. सिग्नीनं मान तिरपी करून बघितलं. "तिकडून वारा येतोय," ती म्हणाली, "त्याला जागा नको?" आर्डिस तिच्या शेजारच्या बुटक्या खुर्चीत बसली, गुडघे हनुवटीला टेकतील इतकी बुटकी, आणि बराच वेळ त्या रिकाम्या बाजूकडे बघत राहिली. त्यातून वारा येताना दिसत होता. एकोणचाळीस वर्षं ती मुलांना रिकाम्या जागा भरायला सांगत आली होती. तिच्या मनात कुठेतरी एक दार किलकिलं झालं. आणि त्याच फटीतून तिला दुसरंही काही दिसलं, एक बोटभर उंचीचं माणूस, हात वर केलेलं. ती एकदम उठली. "वाईट नाही, सिग्नी," ती म्हणाली, आणि सिग्नीचा चेहरा असा काही उजळला, की आर्डिसला कळलं, तो शब्द अजून मेलेला नाही.

शनिवारी दुपारी ती रंगांची पेटी घेऊन तळघरात गेली. बोर्गिल्ड दुसऱ्या दिवसासाठी पावात हॅम भरत होती. आर्डिस स्टुलावर चढली तशी ती धावत आली. "अगं, बदलू नकोस ते! एवढी वर्षं सांभाळलंय आम्ही. शेपूट फिरवलंस तर पामरचं काय?"

"शेपूट नाही फिरवत. तू स्टूल धर."

बोर्गिल्डनं स्टूल धरलं. आर्डिसनं आधी बारीक ब्रशनं चक्कीच्या माथ्याजवळची फळी काढली, ती मूळ चित्रात राहूनच गेली होती. मग फळीवर बूट. मग निळी विजार, किंचित पोट, वाकलेली पाठ. वर केलेल्या हातात तेलाची झारी, तिची चोच थेट चाकामागच्या गिअरच्या पेटीत. सगळं तिला पाठ होतं. ही पाठ तिनं सदतीस वर्षं प्रत्येक यंत्राखाली, प्रत्येक दाराशी, प्रत्येक नळापाशी वाकलेली बघितली होती. शेवटी तिनं त्याच्या डोक्यावर त्याची ती पिवळी टोपी ठेवली, कारण टोपीवाचून पामर बाहेर कधी दिसलाच नव्हता. आता चित्रात काहीच चुकलेलं नव्हतं. चक्की अडकली होती. वारा फिरला होता, धूर त्याच्या मागे गेला होता, चक्कीला फिरता येत नव्हतं, आणि तिचा नवरा वर चढून तिला वंगण घालत होता. ती खाली उतरली. बोर्गिल्डनं एप्रनच्या टोकाला नाक पुसलं, आणि एका कागदावर 'रंग ओला आहे' असं लिहून ती चिठ्ठी चौकटीखाली चिकटवली.

रविवारी प्रार्थना संपली आणि जिन्यावरून पावलांचा आवाज खाली उतरू लागला. आर्डिस मुद्दाम रांगेबाहेर, लोणच्यांच्या बाटल्यांपाशी उभी राहिली. रांग लागली. पहिला ओस्मंड. त्यानं कप उचलला, वर बघितलं, आणि कप तसाच हवेत राहिला. त्याच्या मागचा थांबला, त्याच्याही मागचा थांबला. टोर्स्बीत रांगेत कोणी ढकलत नाही, म्हणून सगळे आपापल्या जागी मान लांब करून उभे राहिले. भट्टी घरघरत होती. मग एकामागून एक माना मागे वळल्या, रांगेत नववा होता त्या पामरकडे. आणि रांगेनं कधी न केलेली गोष्ट केली, ती बाजूला सरली. पामर, टोपी हातात धरून, पुढे आला.

तो उभा राहिला. सत्तावीस वर्षांपूर्वी उभा राहिला होता तसाच, तितकाच वेळ. कपाळाचा पांढरा पट्टा दिव्याखाली चमकत होता, आणि त्याखालचं सगळं हळूहळू लाल होत गेलं. आता म्हणेल, आर्डिस मनात म्हणाली. म्हणेल, वाईट नाही. आणि म्हणाला तर मी काय करू?

"टोपी चुकली आहे," पामर म्हणाला.



"काय म्हणालास?" आर्डिस पुढे आली.

पामर तिच्याकडे बघत नव्हता, चित्राकडेच बघत होता, पण त्याचा आवाज स्थिर होता. "वर जाताना मी टोपी घालत नाही. वाऱ्यानं उडते. खाली शिडीच्या पहिल्या कांबीला अडकवून ठेवतो. तू शाळेत असतेस तेव्हा घालतो ना तेल, तुला कुठून दिसणार." तो थांबला, आणि मग, पाण्यात पाय घालून बघावा तसं, म्हणाला, "तू आधी बघायला हवं होतंस."

आर्डिसनं तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. हसू तिच्या बोटांमधून फुटून बाहेर आलं, बसच्या थांब्यावरच्या त्या बाकावर आलं होतं तसं, आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही. पामर घाबरला. "म्हणजे, वाईट नाही," तो घाईघाईनं म्हणाला.

"खबरदार!" आर्डिस म्हणाली. "अजून काय चुकलंय?"

"सांगू?"

"सांग म्हणते ना!"

त्यानं बोट वर केलं. "कुंपण. तार खांबांच्या बाहेरच्या बाजूला ठोकली आहेस. गाईंनी रेटा दिला की खिळे उपटून येतील. तार नेहमी गुरांच्या बाजूनं."

"मी हे तेव्हाच म्हणणार होतो," ओस्मंड म्हणाला. त्याला बोलायला सत्तावीस वर्षं उशीर झाला होता आणि आता तो थांबणार नव्हता. "आणि ती तिसरी गाय. ती उठताना आधी पुढचे पाय टाकते आहे. असं घोडा उठतो. गाय आधी मागून उठते."

"आणि लायलॅक!" बोर्गिल्ड स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली. "लायलॅक फुलला म्हणजे उन्हाळा आला, मग धुराड्यातून धूर कशाला निघेल?"

"पाव भाजत असतील," कोणीतरी म्हणालं. "सोमवारी? कपडे धुवायच्या दिवशी?" दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. बघता बघता रांग मोडली आणि चित्राभोवती कोंडाळं झालं. बोटं वर होत होती, ओल्या रंगाच्या जरा अलीकडे थांबत होती. गोठ्याच्या दाराचा कडी-कोयंडा, कोंबड्यांची जात, तिसऱ्या खिडकीतला पडदा. सत्तावीस वर्षं उभ्या उभ्या बघून या लोकांनी ते चित्र बोटबोट पाठ केलं होतं. कुठल्या मोठ्या शहरातल्या कुठल्या मोठ्या चित्राकडे माणसांनी असं बघितलं असेल, आर्डिसच्या मनात आलं. कोपऱ्यात सिग्नी खुर्चीवर चढून उभी होती आणि आईला सांगत होती, की मी सांगितलं म्हणून झालं हे सगळं. घरी खिडकीपाशी तो चार फूट बाय सहाचा कॅनव्हास कोरा उभा होता. त्याची डावी बाजू रिकामी ठेवायची, तिनं ठरवलं. तिकडून वारा येणार होता.

"आणि पामर," ओस्मंड मध्येच म्हणाला, नजर कपात ठेवून, "चक्कीला वंगण घातलेलं दिसतंय आता. तर ती भट्टी... घेतोस का?"

"बघतो," पामर म्हणाला. त्याचा हात मात्र कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला होता, जिथं छोटी झारी असते.

सगळे एकदम बोलत होते. टोर्स्बीत असं कधी झालं नव्हतं. आर्डिसनं कागदी रुमालांचा गठ्ठा पुढे ओढला, केसांत खोचलेली पेन्सिल काढली, आणि तिसरीच्या वर्गाला दटावते त्याच आवाजात म्हणाली, "गोंगाट नको. पुन्हा रांग लावा, आणि एकेकानं सांगा. पामर, तू आधी."